नको असलेलं लग्न थांबवायचं कसं: कामासाठी गाव सोडलेल्या घरांतल्या मुलींसाठी

तुझं लग्न ठरवलंय, तुला ते नकोय, आणि तू सध्या तुझ्या गावात नाहीस. वीटभट्टीवर आहेस, जिनिंगच्या आवारातल्या खोलीत आहेस, ऊसतोडीच्या कोपीवर आहेस, नाहीतर कोणाच्या वावरातल्या झोपडीत. हा लेख तुझ्यासाठी आहे. शाळेतल्या बाईंसाठी, अंगणवाडीताईसाठी, शेजारणीसाठीही यात थोडं आहे, पण बोलणार आहे मी तुझ्याशी.

माझं लग्न मी नववीत असताना ठरलं होतं. आमचं घर पुसदकडचं, आई-बाबा वर्धा जिल्ह्यातल्या एका भट्टीवर कामाला. ते लग्न थांबलं. त्यानंतर भट्ट्यांवरच्या बऱ्याच मुलींसोबत मी या कार्यालयांच्या पायऱ्या चढले आहे, म्हणून कुठे काय अडतं ते मला माहीत आहे. सगळ्यात जास्त अडतं ते हद्दीवर. इथले म्हणतात, "तुम्ही बाहेरचे, तुमच्या गावच्या ग्रामसेवकाला सांगा." गावचे म्हणतात, "पोरगी इथं नाहीच, तिकडच्यांना सांगा." या दोघांच्या मधल्या फटीत हळद लागून जाते. कायद्यात मात्र ही फट नाही. तू आज जिथे आहेस तिथल्या यंत्रणेनं तुझं ऐकायलाच हवं. ते कशाच्या आधारावर, हे पुढे ज्या त्या पायरीत सांगते. नीट वाच, कारण दारात उभं राहून तुलाच ते बोलावं लागेल.

आई-बाबांबद्दल एक सांगून घेते. माझी आई म्हणायची, "तुले कोनाच्या भरोशावर ठेवू? दिवसभर आमी कामावर, पोरीची जात." तिची भीती खरी होती. भट्टीवर दाराला कडी नसते, रात्री ट्रक येतात, माणसं अनोळखी. ऊसतोडीत आणखी एक गणित असतं: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्यावर. बुलढाण्याकडच्या कितीतरी सोयरिकी या हिशेबानं दसऱ्याच्या आधी उरकलेल्या आहेत. गरिबी आणि भीती खरी असते, म्हणून घरच्यांना शत्रू समजून सुरुवात करू नकोस. पण त्यांची अडचण खरी आहे म्हणून ती तुझ्या लग्नानं सोडवायची, हे मला मान्य नाही, कायद्यालाही मान्य नाही.

१. पहिल्यांदा दोन गोष्टी नक्की कर: तुझं वय आणि लग्नाची तारीख

मुलीचं लग्नाचं वय १८ पूर्ण, मुलाचं २१ पूर्ण. तुला १८ पूर्ण नसतील तर तुझं प्रकरण बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ खाली येतं आणि तुझी संमती होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही. १८ पूर्ण असतील तर रस्ता वेगळा आहे, तो सातव्या पायरीत आहे. नवरदेव २१ च्या आतला असेल तर तू सज्ञान असलीस तरी तो बालविवाहच ठरतो.

तारीख कळली नसेल तर खुणा बघ. साक्षगंध झालंय का, कपड्यालत्त्याची खरेदी चाललीय का, मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून जास्तीची उचल घेतलीय का, "चार दिवस मामाकडे जाऊन येऊ" असं अचानक निघालंय का, शाळेतून टीसी काढून आणलीय का. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि अक्षय तृतीयेला टोक गाठतो. त्या दिवसाबद्दल कायद्यानं वेगळी तरतूद केली आहे: सामुदायिक बालविवाह होतात अशा अक्षय तृतीयेसारख्या दिवशी जिल्हाधिकारी स्वतः बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात.

पंधरा दिवस हाताशी असतील तर पुढच्या पायऱ्या क्रमानं कर. लग्न उद्या-परवावर असेल तर दुसरी-तिसरी पायरी सोड आणि थेट चौथीवर जा. कागद मागून येतील.

२. वयाचा कागद

सगळी लढाई या कागदावर आहे. अधिकारी आले की घरचे आधार कार्ड पुढे करतात, आणि आपल्यासारख्या घरांत आधारवर वय अंदाजानं टाकलेलं असतं, कधी मुद्दाम वाढवूनही घेतलेलं असतं. आधार हा वयाचा पुरावा म्हणून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली, आधारवरची नाही. बाल न्याय कायद्यात तर क्रमच लिहिलाय: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपरिषदेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी.

यातलं जे मिळेल ते गोळा कर:

- शाळेचं बोनाफाईड. यावर जन्मतारीख असते आणि मागायला आई-वडील लागत नाहीत. "शिष्यवृत्तीसाठी हवंय" एवढं पुरतं.
- शाळेतल्या दाखल-खारीज नोंदीचा उतारा. शाळा सुटली असेल, टीसी घरच्यांकडे असेल, तरी ही नोंद शाळेत कायम राहते. मुख्याध्यापकांना सांगून तो उतारा मिळतो.
- जन्मदाखला. हा जिथे जन्म झाला तिथे मिळतो. तुझा जन्म भट्टीवर असताना झाला असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात असेल, तुमच्या मूळ गावी नाही. गावी जाऊन "नोंद नाही" ऐकून परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.
- लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली नोंद. हे एकट्यानं पुरेसं नाही, पण बाकी काही नसताना दिशा दाखवतं.
- लग्नाची पत्रिका असेल तर तिचा फोटो. नवरदेवाचं गाव, मांडवाची जागा, तारीख एका कागदावर मिळते.

मूळ कागद स्वतःजवळ लपवू नकोस, झोपडीत लपवायला जागा कुठे असते. फोटो काढून बाईंच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठव आणि तुझ्या हातातल्या फोनवरून पुसून टाक.

३. कोणाला सांगायचं

गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात, आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. शहरात किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असतं.

माझा अनुभव असा की सुरुवात अंगणवाडीताईपासून करावी. ती भट्टीवर लहान लेकरांसाठी येते, तिच्याशी बोललं तर कोणाला संशय येत नाही. आशाताईही चालतात. शाळेत जात असशील तर ज्या बाईंवर सगळ्यात जास्त विश्वास आहे त्या.

मुकादमाला सांगू नकोस. तो कितीही भला वाटला तरी त्याचे पैसे तुमच्या घरावर आहेत आणि मजूर टिकवणं हा त्याचा धंदा आहे. नात्यातल्या मोठ्या माणसाला सांगतानाही विचार कर. "मी समजावतो तुया बापाले" म्हणणारा काका संध्याकाळी बापासोबत बसतो, आणि लग्न आठ दिवस अलीकडे येतं. असं फार वेळा झालंय.

४. फोन

१०९८ हा मुलांसाठीचा नंबर. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, रिचार्ज संपला असला तरी लागतो. महाराष्ट्रात असो की तेलंगणात, नंबर तोच. बायकांसाठी १८१, आणि मारहाण होत असेल, कोंडून ठेवलं असेल, गाडीत घालून नेत असतील तर ११२.

फोन कोणाचाही चालेल. किराणा दुकानदार, ट्रॅक्टरवाला दादा, पाण्याच्या टाकीवर भेटलेली बाई. नाव न सांगताही माहिती देता येते आणि कळवणाऱ्याचं नाव घरच्यांना सांगितलं जात नाही. बोलायला दोन मिनिटंच मिळणार असं धरून हे आधी मनात घोकून ठेव:

- तुझं नाव, वय, शाळा आणि इयत्ता
- आत्ता कुठे आहेस. भट्टीमालकाचं नाव माहीत नसेल तर रस्ता, जवळचं गाव, पूल, देऊळ, धाबा अशी खूण
- लग्न कधी, कुठे, नवरदेव कुठला
- मारतात का, कोंडलंय का, लग्नासाठी कोणी पैसे दिलेत का
- या नंबरवर परत फोन करू नका, किंवा अमुक वेळीच करा

शेवटचा मुद्दा विसरू नकोस. मदत करणाऱ्यानं भल्या हेतूनं परत फोन करायचा आणि तो बाबांनी उचलायचा, यातून काय होतं ते सांगायला नको. फोन झाला की नंबर पुसून टाक, आणि ज्याच्याशी बोललीस त्याचं नाव व तक्रारीचा क्रमांक मिळाला तर तो लक्षात ठेव.

५. माणसं दारात आल्यावर: हमीपत्रावर थांबू नकोस

तक्रार गेली की ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस, कधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं भट्टीवर येतात. वयाचे कागद बघतात, घरच्यांना समज देतात, आणि आई-वडिलांकडून १८ पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून घेतात. तुझ्याशी एकटीशी बोलायला सांग. सगळ्यांच्या देखत विचारलं तर कोणती मुलगी "मला जबरदस्ती होतेय" म्हणेल? तू स्वतः बोल: "मला बाजूला बोलायचंय."

बऱ्याच घरांत हमीपत्रानं काम होतं. माझ्या बाबांनी सही केली आणि शब्द पाळला. पण फिरत्या घरांत हमीपत्राला एक मोठं भगदाड आहे. सही इथल्या गावात झालेली असते आणि मांडव पडतो दुसऱ्या तालुक्यात, नाहीतर सीमेपलीकडे बालाघाट-छिंदवाड्याकडे, रात्रीच्या रात्री. हमीपत्र घेणाऱ्याला ते कळतही नाही.

म्हणून हमीपत्रासोबत मनाईहुकूम माग. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली तालुक्याच्या कोर्टातले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे लग्न लावू नका असा आदेश देऊ शकतात. त्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी अर्ज करू शकतात, आणि ज्याला या लग्नाची स्वतःला माहिती आहे अशी कोणतीही व्यक्ती किंवा सामाजिक संस्थाही करू शकते. घाई असेल तर समोरच्यांना नोटीस न देताही तात्पुरता हुकूम मिळतो. आणि हा हुकूम असताना लग्न लावलं तर ते मुळातच रद्दबातल. देशात कुठेही लावलं तरी. हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हमीपत्र हा घरच्यांचा शब्द झाला, मनाईहुकूम कोर्टाचा. भट्टीवरच्या, फडावरच्या प्रत्येक मुलीसाठी हा दुसरा कागद निघायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. अधिकारी "गरज नाही, समजावलंय" म्हणाले तरी मागे हटू नकोस, निदान तुझ्या बाजूनं आलेल्या बाईंना हटू देऊ नकोस. वकील लागला तर तालुका विधी सेवा समिती फुकट देते. बायकांना आणि मुलांना उत्पन्न किती, हे न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. त्यासाठीचा नंबर १५१००.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक मुलगी मला विचारते: बाबा जेलमध्ये जातील का? लग्न व्हायच्या आधी कळवलंस तर बहुतेक वेळा समज, हमीपत्र आणि हुकूम यावरच मिटतं. लग्न लागल्यावर मात्र ते लावणारे, ठरवणारे, भटजी, मांडवात जाणूनबुजून हजर राहिलेले, सगळ्यांवर गुन्हा होऊ शकतो, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. बाईला या कायद्यात कैदेची शिक्षा नाही, म्हणजे आई तुरुंगात जाईल ही भीती मनातून काढ. बाबांना वाचवायचं असेल तर लवकर सांगणं हाच त्यांचा बचाव आहे.

६. बाल कल्याण समिती

१८ च्या आत लग्न लावलं जाण्याचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. घरी राहणं धोक्याचं असेल तर तुला जिल्ह्याच्या ठिकाणच्या बाल कल्याण समितीपुढे नेतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत नेणं बंधनकारक आहे. पोलीस, अंगणवाडीताई, शिक्षक, नर्स, संस्थेचा कार्यकर्ता, कोणीही नेऊ शकतं, आणि तू स्वतःही जाऊ शकतेस. "तू आमच्या जिल्ह्यातली नाहीस" म्हणून समिती परत पाठवू शकत नाही. सापडलेल्या मुलाला आधी सुरक्षित ठेवायचं आणि नंतर मूळ जिल्ह्याच्या समितीशी बोलायचं, असा कामाचा क्रम आहे.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कोर्टासारखा कठडा नसतो. ते विचारतील: काय झालं, कुठे राहायला आवडेल, घरी परत जायची भीती वाटते का. खरं सांग. आजी, मावशी असं सुरक्षित घर असेल तर ते नाव सांग, चौकशी करून तिथे ठेवता येतं. नसेल तर बालगृह.

बालगृहाला आपल्याकडे सर्रास रिमांड होम म्हणतात आणि मुली त्या नावानंच घाबरतात. गुन्ह्यात अडकलेल्या मुलांसाठीची जागा वेगळी असते. बालगृहात तू शिक्षा भोगायला जात नाहीस. तिथून शाळा चालू राहते. सगळी बालगृहं छान आहेत असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी जेवणाची तक्रार होती, एका ठिकाणी घरी फोन करू देत नव्हते. असं असेल तर पुढच्या तारखेला समितीला सांग, बालगृहावर देखरेख ठेवणं त्यांचंच काम आहे.

घरी परत पाठवायचं ठरलं तर एवढं विचारून घे: माझ्याकडे दर महिन्याला कोण येणार, आणि आम्ही भट्टी बदलली तर ते त्यांना कसं कळणार? नव्या ठिकाणचा पत्ता कळवण्याची अट आदेशातच लिहून घेता येते.

७. तुला १८ पूर्ण झाली असतील

इथे वयाचा कागद कामाचा नाही, तुझा नकार कामाचा आहे, आणि तो कागदावर हवा.

जबरदस्तीच्या लग्नाला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. ब्रिटनमध्ये स्थलांतरित घरांतल्या मुलींच्या प्रकरणांतून तसा कायदा झाला, आणि २०१४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो गुन्हाच आहे. आपल्याला मात्र वेगवेगळ्या कायद्यांतून रस्ता काढावा लागतो. सगळ्यात उपयोगी पडतो तो घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा. लोकांना वाटतं तो फक्त सुनांसाठी आहे. त्याच्या नियमांबरोबरचा जो छापील अर्ज आहे, त्यात मानसिक छळाच्या यादीत इच्छा नसताना लग्न करायला लावणं, घरच्यांच्या पसंतीच्या माणसाशीच लग्न लावणं, आपल्या पसंतीच्या माणसाशी करू न देणं, हे सगळं सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे लेकही आपल्या घरच्यांविरुद्ध संरक्षण आदेश मागू शकते. आणि हद्दीचं बोलशील तर या कायद्यात तू कायमची किंवा तात्पुरती जिथे राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. भट्टीवरची झोपडी ही तात्पुरती राहण्याची जागाच आहे.

कसं करायचं:

पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज दे: "माझं वय इतकं, माझ्या इच्छेविरुद्ध लग्न ठरवलं आहे, मला संमती नाही, मला धोका आहे." एका प्रतीवर पोच घे. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठव आणि पावती जपून ठेव. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे असतात, त्यांना भेट. राहायची सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. पोलीस मदत, डॉक्टर, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहणं एका छताखाली मिळतं. पुढे महिला वसतिगृह शोधून देतात.

घर सोडावं लागलं तर दोन सापळे ओळखून ठेव. पहिला, घरचे मिसिंगची तक्रार देतात आणि पोलीस शोधत येतात. म्हणून निघाल्या निघाल्या जवळच्या ठाण्यात लेखी कळव की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं आले आहे. सज्ञान बाईला पोलीस जबरदस्तीनं घरी नेऊ शकत नाहीत. दुसरा, "दागिने घेऊन पळाली" अशी तक्रार. निघताना घरातलं सोनं, आईच्या पाटल्या, पैसे, कशालाही हात लावू नकोस, अगदी तुझ्यासाठी केलेलं डोरलंही नाही. तुझे कागद, कपडे, औषधं, बस.

कोंडून ठेवून, पळवून नेऊन लग्न लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ चा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. लग्न दुसऱ्या जिल्ह्यात लावलं तरी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यावीच लागते. झिरो नंबरनं गुन्हा नोंदवून ते तिकडे पाठवतात. "आमची हद्द नाही" हे ठाण्यातलं उत्तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यातही चालत नाही.

आणि जात पंचायतीची धमकी आली, "शब्द देल्ला होता, आता समाजाबाहेर टाकू" असं तुझ्या आई-वडिलांना कोणी म्हणालं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बाबांना सांग. कित्येकदा बाप मनातून तयार असतो, घाबरतो तो पंचांना.

८. स्थळ परराज्यातलं आणि घाईचं असेल तर

नवरदेवाकडचे हुंडा मागत नाहीत, उलट लग्नाचा खर्च देतात, मध्ये एक ओळखीची बाई किंवा दलाल आहे, मुलगा कोणी नीट पाहिलेला नाही, आणि लग्न देवळात दोन दिवसांत उरकायचंय. हे सोयरीक नसून विक्री असू शकते. विदर्भातल्या गरीब घरांतल्या मुली अशा लग्नांतून मध्य प्रदेश, राजस्थानाकडे गेलेल्या आहेत. इथे समजावण्यात वेळ घालवू नकोस. ११२ ला फोन, आणि "पैसे घेतलेत" हे शब्द स्पष्ट सांग, कारण मग तो मानवी तस्करीचा तपास होतो. अल्पवयीन मुलीला विकून, फसवून किंवा जबरदस्तीनं नेऊन लावलेलं लग्न कायद्यानं झालेलंच नसतं.

निघावंच लागलं तर एक तरी फोन नंबर पाठ करून ठेव. फोन काढून घेतात, डोक्यातला नंबर कोणी काढून घेत नाही.

९. लग्न होऊन गेलं असेल तर

उशीर झाला असं समजू नकोस. मुदती मात्र आहेत, त्या पाठ कर.

१८ च्या आत झालेलं लग्न तू रद्द करून घेऊ शकतेस. अर्ज २० वर्षं पूर्ण व्हायच्या आत जिल्हा न्यायालयात करायचा. तू अजून अल्पवयीन असशील तर पालक किंवा जवळची व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत तो करू शकते. कोणत्या जिल्ह्यात? लग्न जिथे लागलं तिथे, नवरा राहतो तिथे, तुम्ही शेवटचं एकत्र राहिलात तिथे, किंवा अर्ज करताना तू राहतेस तिथे. सासरच्या गावी तारखांना जायची गरज नाही. कोर्ट पोटगी आणि राहण्याची सोयही ठरवून देऊ शकतं, आणि मूल झालं असेल तर ते कायद्यानं औरसच मानलं जातं. हा घटस्फोट नाही. लग्नच रद्द होतं.

१८ नंतर जबरदस्तीनं झालेलं लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ खाली रद्द करता येतं, पण जबरदस्ती संपल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि मधल्या काळात तू आपखुशीनं संसार केलेला नसावा. म्हणून सुटका झाल्याबरोबर वकिलाला भेट, "बघू पुढे" म्हणत वर्ष जाऊ देऊ नकोस.

१८ च्या आत आहेस आणि दिवस गेलेत, तर दवाखाना टाळू नकोस. १८ खालची गरोदर मुलगी आली की डॉक्टरांना पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घरचे नेत नाहीत, आणि मग बाळंतपण झोपडीत होतं. त्यात जीव जातो. पोलीस आले तर येऊ देत, तुझ्यावर गुन्हा नसतो. तू पीडित म्हणून नोंदली जातेस आणि उपचार फुकट होतात.

१०. बाई, सर, शेजारीण, तुमच्यासाठी

ब्रिटनमध्ये अशा मुलींसोबत काम करणाऱ्यांना एक नियम शिकवतात: मुलीशी बोलायची संधी एकदाच मिळेल असं समजून वागा. भट्टीवर तो शंभर टक्के लागू आहे. आज बोललेली मुलगी सोमवारी दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते. तेव्हा ती बोलली की त्याच बैठकीत वय, पत्ता, तारीख, परत भेटायची सुरक्षित वेळ लिहून घ्या, आणि त्याच दिवशी १०९८ ला कळवा.

तिच्या आई-वडिलांना बोलावून "काय हो, पोरीचं लग्न करताय म्हणे" असं विचारू नका. ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. मध्यस्थी अधिकारी आल्यावर होऊ द्या. आणि मुलगी दोन-तीन दिवस सलग शाळेत आली नाही तर फोन न करता घरी कोणाला तरी पाठवा, निमित्त पुस्तकाचं असू द्या.

११. थांबल्यानंतर

लग्न थांबतं त्या दिवशी घरात सुतक पडल्यासारखं होतं. कोणी बोलत नाही, आई रडते, दिलेले पैसे परत मागायला पाहुणे येतात. हे काही महिने चालतं. या काळात शाळा तुटू देऊ नकोस, कारण शाळा सुटलेली मुलगी घरात दिसली की दुसरं स्थळ येतं.

आठवीपर्यंत असशील तर कुटुंब हलताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड माग. ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळतो, टीसीसाठी अडवता येत नाही. काही भागांत स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. आई-बाबा कामावर गेले तरी तू गावात राहून शिकू शकतेस, आणि "कोनाच्या भरोशावर ठेवू" याला तेच उत्तर असतं. आदिवासी विकास आणि समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहंही आहेत, त्यांचे अर्ज निकालानंतर लगेच सुटतात. नववीत शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. त्याला मूळ टीसी, आधार आणि फोटो लागतो. टीसी घरच्यांनी फाडून टाकली असेल तर शाळा तिची दुसरी प्रत देते, सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. फॉर्म भरायची तारीख बोर्ड दरवर्षी जाहीर करतं. ती मुख्याध्यापकांना विचारून ठेव, आणि पैसे नसतील तर हेही त्यांनाच सांग.